बाळंतपणानंतरची डोकेदुखी: नेहमीची कुठली आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची कुठली

बाळंतपणानंतर डोकं दुखणं हे इतकं कॉमन आहे की कोणी ते फार मनावर घेत नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा घ्यायची गरजही नसते. पहिल्या आठवड्यात साधारण तीनातल्या एका बाईचं डोकं दुखतं. झोपेचे तुकडे झालेले असतात, बाळाला पाजताना मान बराच वेळ खाली असते, पाणी प्यायचं लक्षात राहत नाही, त्यात बाळंत झाल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम उतरतं त्यामुळे गरोदरपणात गप्प बसलेला मायग्रेन पुन्हा सुरू होतो. यातली कुठलीच डोकेदुखी जिवावरची नाही, वैताग आणते एवढंच.

पण याच गर्दीत मोजक्या जणी अशा असतात ज्यांचं डोकं मेंदूच्या रक्तवाहिन्यांत काहीतरी बिघडल्यामुळे दुखत असतं. अडचण अशी की त्यांनाही आजूबाजूचे सगळे तेच सांगतात, जागरण झालंय, जरा झोप काढ, बरं वाटेल. आणि हे फक्त घरीच होतं असं नाही, दवाखान्यातसुद्धा होतं, कारण बाळंतीण डोकं दुखतंय म्हणाली की पहिला विचार मणक्यात दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनचा येतो आणि तपास तिथेच थांबतो. मला या लेखात मुळात एकच गोष्ट सांगायची आहे, डोकं किती दुखतंय याच्यावरून फारसं काही कळत नाही, ते कसं सुरू झालं, किती वेळात वाढलं आणि झोपल्यावर वाढतं की बसल्यावर हे विचारलं तर बरंच काही कळतं.

आधी एक साधी गोष्ट. मेंदूच्या मांसाला स्वतःला दुखत नाही, तिथे वेदना कळणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते मेंदूवरच्या आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना, त्यांच्याभोवती वेदनेच्या नसांचं जाळं असतं. त्यामुळे रक्तवाहिनी अचानक ताणली, आवळली किंवा आतून तुंबली की त्याची पहिली खबर डोकेदुखीच देते, हातपाय लुळे पडणं वगैरे नंतर, आणि कित्येकदा ते होतच नाही. म्हणजे "हातपाय चालतायत ना, बोलता येतंय ना, मग काही नाही" हा हिशोब इथे चुकतो.

आणि हे बाळंतपणानंतरच का जास्त होतं? गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं प्रमाण जवळपास ४० ते ५० टक्के वाढलेलं असतं, रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, रक्त गोठण्याची ताकद मुद्दाम वाढवलेली असते म्हणजे वार सुटताना फार रक्त जाऊ नये. बाळंत झाल्यावर हे सगळं काही दिवसांत उलटं फिरायला लागतं. ब्लड प्रेशर बाळंतपणाच्या दिवशी सगळ्यात जास्त असतं असं आपल्याला वाटतं पण ते बहुतेकींचं तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, म्हणजे बाई दवाखान्यातून घरी आलेली असते, रोज बीपी बघणारं कोणी नसतं, नेमकं तेव्हा. गरोदरपण आणि त्यानंतरचा काळ मिळून लाखात साधारण ३० जणींना स्ट्रोक होतो, आकडा छोटा आहे, पण धोका सगळ्यात जास्त बाळंतपणाच्या आसपास आणि पुढच्या काही आठवड्यांत असतो.

एका मिनिटात कळसाला पोचणारी डोकेदुखी

आता मुख्य आजाराकडे येऊ. याचं पूर्ण नाव रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम, डॉक्टर लोक आरसीव्हीएस म्हणतात, आणि बाळंतपणानंतर झाला तर पोस्टपार्टम अँजिओपथी हे जुनं नावही अजून वापरात आहे. सोपं करून सांगायचं तर मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या अधूनमधून आवळतात, एका ठिकाणी अरुंद, पुढे जरा फुगलेली, परत अरुंद, अशी. अँजिओग्राफीत ते माळेत ओवलेल्या मण्यांसारखं दिसतं. नावातला रिव्हर्सिबल शब्द मात्र दिलासा देणारा आहे, कारण या आवळलेल्या धमन्या जास्तीत जास्त तीन महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात, ती या आजाराची खूणच आहे.

याची डोकेदुखी अगदी ठराविक असते. हळूहळू चढत नाही. बाई नॉर्मल बसलेली असते आणि एका क्षणात डोक्यात स्फोट झाल्यासारखं होतं, मिनिटभराच्या आत दुखणं कळसाला पोचलेलं असतं. इंग्रजी वैद्यकात याला थंडरक्लॅप हेडेक म्हणतात. बऱ्याचदा डोक्याच्या मागच्या बाजूने सुरू होऊन सगळीकडे पसरतं, सोबत उलटी, उजेड सहन न होणं, कोणी कोणी तर वेदनेने येरझाऱ्या घालतात. एक ते तीन तासांत जोर कमी होतो. आणि मग माणूस म्हणतो, बरं झालं, गेलं. पण ते परत येतं. एक ते चार आठवडे असे झटके येत राहतात, मधल्या काळात हलकं डोकं दुखत राहतं. झटका यायला बऱ्याचदा काहीतरी निमित्त असतं, संडासला जोर करणं, खोकला, शिंक, जोरात रडणं, वजन उचलणं, अंघोळ, शरीरसंबंध. आता बाळंतिणीच्या दिवसात यातलं निम्मं रोजचंच असतं त्यामुळे निमित्त आणि डोकेदुखीची सांगड कोणी घालत नाही.

बाळंतिणींमध्ये हा आजार साधारण दोन तृतीयांश वेळा पहिल्याच आठवड्यात सुरू होतो, आणि विशेष म्हणजे बऱ्याचदा गरोदरपण आणि बाळंतपण दोन्ही अगदी सुरळीत झालेलं असतं. बीपी नव्हतं, शुगर नव्हती, काहीच नव्हतं. त्यामुळे "माझं तर सगळं नॉर्मल झालं होतं" यावर विसंबून राहता येत नाही.

मला या आजारात सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पहिला स्कॅन नॉर्मल येऊ शकतो. धमन्यांचं आवळणं आधी अगदी टोकाच्या बारीक फांद्यांत सुरू होतं, ज्या स्कॅनवर नीट दिसतच नाहीत, आणि मग ते हळूहळू मोठ्या धमन्यांकडे सरकत येतं, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते सगळ्यात ठळक होतं. म्हणजे डोकेदुखीचा जोर पहिल्या आठवड्यात आणि चित्रात दिसणारा बदल नंतर, असा उलटा प्रकार. पहिल्या दिवशी सीटी केला, अँजिओग्राफी केली, दोन्ही नॉर्मल, टेन्शनचं डोकं दुखणं म्हणून घरी पाठवलं आणि चार दिवसांनी परत तसाच झटका आला तर आधीचा रिपोर्ट दाखवून गप्प बसायचं नाही, परत तपासणी मागायची. वारंवार येणारे असे वीज पडल्यासारखे झटके दुसऱ्या फार कमी आजारांत येतात.

अर्थात पहिल्यांदा असा झटका आला की डॉक्टर आधी दुसरीच गोष्ट शोधतात आणि ते बरोबरच आहे. मेंदूतल्या धमनीवर आलेला फुगा म्हणजे अ‍ॅन्युरिझम फुटून रक्तस्राव झाला तरी डोकेदुखी अशीच असते आणि तिथे तासांना किंमत असते. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या मशीनवर केलेल्या सीटीमध्ये हा रक्तस्राव जवळपास नेहमी सापडतो, उशीर झाला तर तितकी खात्री राहत नाही आणि मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे या एका प्रकारच्या डोकेदुखीला अजिबात लागू नाही. आरसीव्हीएसमध्येही थोडा रक्तस्राव होऊ शकतो पण तो साधारण मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर, अ‍ॅन्युरिझमचा बुडाशी, त्यावरून तज्ज्ञांना फरक कळतो.

बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात हे मी मुद्दाम परत सांगतोय कारण नेटवर वाचून माणूस घाबरून जातो. पण काही जणींना या काळात मेंदूत रक्तस्राव किंवा स्ट्रोक होतो, रक्तस्राव साधारण पहिल्या आठवड्यात, रक्त न पोचल्यामुळे होणारा स्ट्रोक जरा नंतर, दुसऱ्या आठवड्याकडे, म्हणजे डोकेदुखी कमी झाल्यावरसुद्धा. म्हणून डोकं थांबलं की लगेच सगळं पूर्वीसारखं सुरू करायची घाई नको.

नावाचा घोळ आणि स्टिरॉइडचा घोळ

या आजाराचा इतिहास थोडा सांगतो कारण त्याचा थेट उपचाराशी संबंध आहे. १९८८ मध्ये ग्रेगरी कॉल आणि मारी फ्लेमिंग यांनी सहकाऱ्यांबरोबर अशा काही पेशंटचं वर्णन छापलं, त्यावरून बरीच वर्षं याला कॉल-फ्लेमिंग सिंड्रोम म्हणायचे. पण त्याच वेळी बाळंतिणींमध्ये दिसला की पोस्टपार्टम अँजिओपथी, औषधामुळे झाला की आणखी वेगळं नाव, मायग्रेनवाल्यांमध्ये दिसला की तिसरंच, असं चाललं होतं, एकच आजार प्रत्येक स्पेशालिटी आपल्या नावाने हाक मारत होती. २००७ मध्ये लिओनार्ड कॅलाब्रेझ आणि सहकाऱ्यांनी हे सगळं एका नावाखाली आणलं आणि निदानाचे निकष मांडले.

तोपर्यंत आणि थोडंफार आजही एक गोंधळ होतो. धमन्या आवळलेल्या आणि फुगलेल्या दिसल्या की व्हॅस्क्युलायटिस म्हणजे धमन्यांना आलेली सूज आहे असं वाटतं, कारण चित्र मिळतंजुळतं असतं. आणि सूज म्हटली की उपचार स्टिरॉइड. इथेच घात होतो, कारण आरसीव्हीएसमध्ये सूज नसते, स्नायूचं आकुंचन असतं, आणि स्टिरॉइड दिलेल्यांची तब्येत जास्त बिघडते असं पुन्हा पुन्हा दिसलंय. व्हॅस्क्युलायटिसमध्ये डोकं हळूहळू, आठवडे महिने दुखत असतं, असं एका मिनिटात फुटत नाही. म्हणजे परत तोच प्रश्न, सुरुवात कशी झाली? लाखाच्या मशीनपेक्षा कधीकधी हा फुकटचा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो.

मग उपचार काय? पहिलं म्हणजे चिथावणारी औषधं बंद करायची. रक्तवाहिन्या आवळणारी कुठलीही गोष्ट संशयित. सर्दीवरच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, अर्गट गटातली औषधं, काही डिप्रेशनच्या गोळ्या, गांजा, कोकेन. बाळंतिणीच्या बाबतीत दोन औषधं खास लक्षात ठेवण्यासारखी, एक मिथाइलअर्गोमेट्रिन, जे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात, दुसरं ब्रोमोक्रिप्टिन, दूध बंद करायला देतात ते. दूध बंद करण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन वापरणं अमेरिकेत १९९० च्या दशकातच थांबवलं गेलं, त्यामागे स्ट्रोक, फिट्स अशा तक्रारी होत्या. याचा अर्थ मिथाइलअर्गोमेट्रिन वाईट औषध आहे असा नाही, रक्तस्राव थांबला नाही तर बाई दगावते, तिथे ते द्यावंच लागतं. फक्त बीपी जास्त असलेल्या बाईला ते टाळतात आणि देऊन झाल्यावर डोकं फुटायला लागलं तर ते औषध दिलं होतं ही गोष्ट कोणीतरी आठवणीने सांगायला हवी. डिप्रेशनच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, ते डॉक्टरला विचारूनच.

त्यानंतर आराम, जोर पडेल असं काही नाही, बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, दुखणं कमी करायची औषधं आणि निमोडिपिन किंवा व्हेरापामिलसारखी धमन्या सैल करणारी गोळी. प्रामाणिकपणे सांगायचं तर निमोडिपिनने झटके कमी होतात पण स्ट्रोक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. या आजाराला खरा बरा करणारा काळच, डॉक्टरांचं काम त्या काळात नुकसान होऊ न देणं.

शिरा तुंबल्या तर

वर सांगितलं ते धमन्यांचं, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्यांचं. दुसरा आजार मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांचा, त्यात रक्ताची गाठ अडकते, सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, थोडक्यात सीव्हीटी. बाळंतपणात रक्त गोठण्याची ताकद वाढलेली असते ती पहिले सहा आठवडे बरीच आणि नंतर थोडीफार बाराव्या आठवड्यापर्यंत टिकते, त्यात शरीरातलं पाणी कमी झालं, इन्फेक्शन झालं, अ‍ॅनिमिया असला, सिझर झालं की गाठ व्हायचा चान्स आणखी वाढतो.

याची डोकेदुखी वेगळी. सहसा दिवसागणिक वाढत जाते, आज कालच्यापेक्षा जास्त, गोळीने तेवढ्यापुरतं बरं. आडवं झालं की वाढते, पहाटे जास्त, वाकलं किंवा जोर केला की जास्त, कारण रक्त बाहेर जायची वाट अडल्यामुळे डोक्यातला दाब वाढलेला असतो. नजर धूसर होते, क्षणभर डोळ्यापुढे अंधारी येते, एखादीला थेट फिट येते. यालाही अपवाद आहेत, कधीकधी ही पण एकदम सुरू होते, त्यामुळे पुस्तकी वर्णनात बसली नाही म्हणून सोडून द्यायची नाही.

साधा सीटी इथे बऱ्याचदा नॉर्मल येतो. शिरा दिसायला वेगळी तपासणी लागते, एमआर व्हेनोग्राफी किंवा सीटी व्हेनोग्राफी, आणि ती मागितल्याशिवाय होत नाही. उपचार म्हणजे रक्त पातळ करणारं हिपॅरिन, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण तुंबल्यामुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असेल तरीसुद्धा हिपॅरिन देतात, कारण तुंबलेलं मोकळं झालं नाही तर रक्तस्राव वाढतच राहील. नातेवाईक इथे घाबरतात आणि साहजिक आहे, पण हा विचार करूनच घेतलेला निर्णय असतो. पुढे साधारण तीन ते सहा महिने गोळ्या. वेळेत सापडलं तर दहातल्या साधारण आठ जणी पूर्ण किंवा जवळपास पूर्ण बऱ्या होतात.

बीपीचं इथे थोडक्यात सांगतो, ते बरंच माहीत असतं. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणामुळे होणारा जास्त बीपीचा आजार, फक्त पोटात बाळ असतानाच होतो असं नाही, बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत पहिल्यांदा उद्भवू शकतो. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे ठिणग्या चमकतायत, बरगड्यांखाली दुखतंय आणि बीपी १४०/९० च्या वर, तर लगेच दाखवायचं, १६०/११० असेल तर ती इमर्जन्सी आहे, तासाभरात औषध मिळायला हवं, फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेटही देतात. आरसीव्हीएस, जास्त बीपी आणि मेंदूच्या मागच्या भागाला येणारी सूज म्हणजे प्रेस, हे एकाच बाईत एकत्र पण दिसतात, त्यामुळे बीपी जास्त सापडलं म्हणून बाकीचं काही नसेलच असं धरून चालत नाही.

आता ते मणक्यातलं इंजेक्शन. एपिड्युरल देताना सुई जरा जास्त आत गेली की मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी झिरपतं आणि डोकं दुखतं, हे खरं आहे आणि कॉमनही आहे. १८९८ मध्ये ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने मणक्यातली भूल स्वतःवर करून बघितली आणि त्याचंच डोकं दिवसेंदिवस दुखत राहिलं, म्हणजे हा त्रास भुलेइतकाच जुना. याची ओळख सोपी, बसलं किंवा उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं, इंजेक्शननंतर पाच दिवसांच्या आत सुरू होतं. लक्ष ठेवायचं ते पॅटर्न बदलण्यावर. बसल्यावर दुखणारं डोकं आता झोपूनही दुखायला लागलं तर ते इंजेक्शनचं राहिलेलं नाही, पाणी झिरपल्यामुळेच पुढे शिरेत गाठ किंवा मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकतो. आणि ज्या बाईला मणक्यात काही टोचलंच नव्हतं तिला "भुलेमुळे असेल" म्हणणाऱ्याला तेवढं एकदा विचारून बघा.

डॉक्टरकडे गेल्यावर "खूप डोकं दुखतंय" एवढंच सांगितलं तर त्यातून काही निघत नाही, सगळ्यांचंच खूप दुखत असतं. सांगायचं ते असं: परवा दुपारी संडासला बसलेले असताना एकदम सुरू झालं, मिनिटभरात असह्य झालं, दोन तासांनी कमी झालं, काल परत तसंच. बाळंत होऊन नऊ दिवस झालेत. रक्तस्रावासाठी अमुक इंजेक्शन दिलं होतं, सर्दीची तमुक गोळी चालू आहे. बाई वेदनेत असते, तिला हे सांगता येईलच असं नाही, सोबतच्या माणसाने लिहून न्यावं आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवावं. बोलणं अडखळणं, एका बाजूला कमजोरी, फिट, दिसणं कमी होणं, वागण्यात गोंधळ, मान आखडून ताप किंवा मानेत एका बाजूला नवीन सणसणीत दुखणं यातलं काहीही असेल तर मात्र लिहीत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

बाळाच्या दुधामुळे खूप जणी तपासणी टाळतात म्हणून हेही स्पष्ट सांगतो. सीटीच्या किरणांचा दुधावर काही परिणाम होत नाही, एमआरआयचा तर नाहीच. शिरेतून दिलेला कॉन्ट्रास्ट दुधात अगदी नगण्य उतरतो, पाजणं थांबवायची किंवा दूध काढून टाकायची गरज नसते. हिपॅरिन आणि वॉरफरिन चालू असताना पाजता येतं. नवीन प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या बाईला सहसा देत नाहीत.

आणि पुढचं बाळंतपण? दोन्ही आजार परत होण्याचं प्रमाण कमी आहे आणि एकदा झाला म्हणून पुन्हा गरोदर राहू नये असा सरसकट नियम नाही. सीव्हीटी झालेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि पुढच्या गरोदरपणात बहुधा हिपॅरिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात. आरसीव्हीएस झालेल्या बाईने ट्रिप्टान, अर्गट आणि नाक मोकळं करणारी औषधं कायमची टाळायची, केमिस्टकडून स्वतःच्या मनाने घेतलेल्या सर्दीच्या गोळीतही ती असतात, आणि पुढच्या वेळी प्रसूतीच्या डॉक्टरांना, भुलेच्या डॉक्टरांना हे आधीच सांगून फाइलवर ठळक लिहून घ्यायचं, म्हणजे रक्तस्राव थांबवायची वेळ आली तर कुठलं औषध वापरायचं हे त्यांनी अगोदर ठरवलेलं असेल.